विश्लेषण : बाप्तिस्म्यात शब्द चुकला, बाळाने धर्मगुरूचा चष्मा ओढला... मग विधी ग्राह्य की अग्राह्य?

मोडनिंब : कुर्डुवाडीहून पंढरपूरला जाणाऱ्या रेल्वेमार्गावरच्या या गावातल्या माणसाला नदीत बुडी मारून पावन होणे म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. चंद्रभागा इथून फार लांब नाही. ख्रिस्ती समाजातल्या बाप्तिस्म्याची मूळ कल्पनाही पाण्याचीच. जुने आयुष्य पाण्यात सोडायचे आणि नवे घेऊन वर यायचे. पण विधी म्हटला की पाणी, तान्हे बाळ, जमलेले नातेवाईक, माइक आणि अलीकडे मोबाइल कॅमेरा हे सगळे एकत्र येते आणि काही ना काही घोटाळा होतो. व्हॉट्सअॅपवर असे व्हिडिओ नेहमी फिरतात. बाळ धर्मगुरूचा चष्मा ओढते, पाळक पाण्याच्या हौदात घसरतो, 'बाळाचे नाव काय?' या प्रश्नाला आत्या आणि मावशी एकाच वेळी वेगवेगळी उत्तरे देतात.

हे पाहून हसू येते आणि यायलाच हवे. मात्र अशाच एका घरगुती व्हिडिओने अमेरिकेतल्या एका फादरची झोप उडवली. व्हिडिओ पाहून संपला तेव्हा तो फादर उरलाच नव्हता.

एका शब्दाने धर्मगुरूपद कसे गेले?

डेट्रॉइटमधील फादर मॅथ्यू हूड यांना २०१७ मध्ये धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली होती. तीन वर्षे ते मिस्सा अर्पण करत होते, पापनिवेदन ऐकत होते, लग्ने लावत होते. ऑगस्ट २०२० मध्ये व्हॅटिकनने एक खुलासा प्रसिद्ध केला. बाप्तिस्मा देताना 'मी तुला बाप्तिस्मा देतो' याऐवजी 'आम्ही तुला बाप्तिस्मा देतो' असे म्हटले असेल, तर तो बाप्तिस्मा झालाच नाही, असे त्यात म्हटले होते. हूड यांना आपल्या बालपणीच्या बाप्तिस्म्याचा घरातला व्हिडिओ आठवला. त्यात विधी करणारा डीकन स्वच्छ आवाजात 'आम्ही' म्हणत होता.

आता पुढचा हिशेब पाहा. बाप्तिस्मा नाही, म्हणजे माणूस चर्चचा सभासदच नाही. सभासद नाही, म्हणजे दृढीकरण नाही आणि दृढीकरणापाठोपाठची धर्मगुरुपदाची दीक्षाही नाही. दीक्षा नाही, म्हणजे त्यांनी तीन वर्षांत दिलेले अनेक संस्कार अग्राह्य. पायाचा एक दगड निघाला आणि अख्खी भिंत खाली आली. त्याच महिन्यात हूड यांचा नव्याने बाप्तिस्मा झाला, पुढचे संस्कार झाले आणि त्यांना पुन्हा दीक्षा देण्यात आली. त्यांच्याकडून संस्कार घेतलेल्यांना शोधून संपर्क करण्याचे काम धर्मप्रांताच्या गळ्यात पडले.

दीड वर्षाने ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये याहून मोठा गोंधळ झाला. फादर आंद्रेस आरांगो हे वर्षानुवर्षे 'आम्ही'च म्हणत आले होते. जून २०२१ पर्यंत त्यांनी दिलेले हजारो बाप्तिस्मे अग्राह्य धरले गेले. त्यांनी माफी मागितली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये धर्मग्रामाचे पद सोडले. माणूस वाईट नव्हता, हेतूही वाईट नव्हता. सगळ्या मंडळीला विधीत सामील करून घ्यावे, एवढेच त्यांच्या मनात असावे.

'मी' आणि 'आम्ही' यांत एवढे काय आहे? कॅथलिक शिकवणीनुसार बाप्तिस्मा मंडळी देत नाही. तो ख्रिस्त स्वतः देतो आणि धर्मगुरू हे त्याचे तोंड व हात असतात. म्हणून एकवचन. आपल्याकडे ही अडचण आणखी वाढली असती. एकटा माणूसही 'आम्ही काल सोलापूरला गेलो होतो' म्हणतो आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही.

मग चुकीच्या लॅटिनला माफी कशी मिळाली?

गंमत अशी की, याच चर्चने बाराशे-तेराशे वर्षांपूर्वी याहून मोठी चूक पोटात घातली होती. आठव्या शतकात बव्हेरियातल्या एका धर्मगुरूचे लॅटिन कच्चे होते. 'पित्याच्या आणि पुत्राच्या नावाने' म्हणताना विभक्तीचे प्रत्यय चुकले आणि शब्द उमटले 'पात्रिआ' आणि 'फिलिआ'. म्हणजे देश आणि मुलगी! तिथले प्रमुख मिशनरी बोनिफेस यांनी असे बाप्तिस्मे झालेल्यांना पुन्हा बाप्तिस्मा द्या, असे फर्मान काढले. दोन मिशनऱ्यांनी पोपकडे तक्रार केली. पोप झकारिया यांनी ७४६ मध्ये बोनिफेस यांना पत्र लिहून कळवले की, बोलणाऱ्याच्या मनात खोट नव्हती, केवळ भाषा येत नव्हती. तो बाप्तिस्मा ग्राह्य आहे, पुन्हा देऊ नका.

दोन्ही निर्णय एकत्र ठेवले तर नियमाचा गाभा कळतो. अडाणीपणाने जीभ घसरली तर क्षमा आहे. जाणूनबुजून ठरलेले वाक्य बदलले तर नाही. हा भेद तर्काला धरून आहे. पण ज्याच्या डोक्यावर पाणी पडले त्या बाळाची यात काय चूक, हा प्रश्न फिनिक्समधल्या अनेक आईबापांनाही पडला असणार आणि त्याचे समाधानकारक उत्तर मला तरी कुठे दिसले नाही.

शब्दांइतकेच पाणीही खरे लागते. १२४१ मध्ये नॉर्वेच्या आर्चबिशपने रोमला विचारले होते की, पाण्याच्या टंचाईमुळे इथे काही बाळांचे बाप्तिस्मे बीअरने झाले आहेत, ते चालतील का? पोप नववे ग्रेगरी यांचे उत्तर होते, नाही.

शंका असेल तिथे कॅथलिक चर्चमध्ये एक मधली वाट आहे, सशर्त बाप्तिस्मा. 'तुझा बाप्तिस्मा झालेला नसेल, तर मी तुला बाप्तिस्मा देतो' असे म्हणून पाणी ओतायचे. आणखी एक नियम फार कमी जणांना माहीत असतो. जीवावर बेतलेल्या प्रसंगी कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतो. रुग्णालयातली नर्स, शेजारी, अगदी ख्रिस्ती नसलेली व्यक्तीसुद्धा. पाणी, ते शब्द आणि चर्चला अभिप्रेत असलेला हेतू एवढे पुरते.

पाणी किती? ओंजळभर की छातीभर?

उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. पहिल्या-दुसऱ्या शतकातील 'दिदखे' नावाची एक छोटी ग्रीक पुस्तिका आहे. नवशिक्या मंडळींसाठी लिहिलेली. तिच्यात पाण्याचा उतरता क्रमच दिला आहे : वाहते पाणी उत्तम, ते नसेल तर दुसरे कुठलेही, थंड नसेल तर कोमट आणि दोन्ही पुरेसे नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. म्हणजे दुष्काळाची तरतूद आधीपासूनच होती.

पुढे मात्र या पाण्यावरून पंथ वेगळे झाले. कॅथलिक आणि बहुतेक जुन्या प्रोटेस्टंट मंडळ्या तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी ओततात किंवा शिंपडतात. बॅप्टिस्ट आणि पेंटेकोस्टल मंडळ्यांना हे मान्य नाही. त्यांच्या मते जाणत्या माणसाने स्वतःहून यावे आणि पूर्ण पाण्याखाली जावे. ग्रीक भाषेत 'बाप्तिझो'चा अर्थच बुडवणे, असे ते म्हणतात. या एका शब्दावरून १८३०च्या दशकात कलकत्त्यात वाद पेटला. बॅप्टिस्ट मिशनऱ्यांनी बंगाली बायबलात तिथे 'बुडवणे' या अर्थाचा शब्द घातला, ब्रिटिश बायबल सोसायटीने पैसे देणे बंद केले आणि बॅप्टिस्टांनी १८४० मध्ये लंडनला आपली वेगळी संस्था काढली. मराठी बायबलात भाषांतर न करता 'बाप्तिस्मा' हाच शब्द ठेवला गेला. कुणाला किती पाणी हवे, ते ज्याचे त्याने ठरवावे! कॅथलिकांत 'स्नानसंस्कार' असाही शब्द आहे.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा वेगवेगळ्या चर्च एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाली. त्यात बाळांना बाप्तिस्मा देणारे होते आणि फक्त प्रौढांना देणारेही होते. तोडगा निघाला तो असा की दोन्ही पद्धती चालतील. एका पंगतीत साधे आणि उपवासाचे अशी दोन्ही ताटे वाढावीत, तसा हा समझोता आहे आणि तो आजवर टिकला आहे.

माढा तालुक्यातली भीमा उजनी धरणात अडते. याच भीमेच्या वरच्या अंगाला दौंडजवळ केडगाव आहे. तिथल्या पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमधील मुलींना बैलगाड्यांतून नदीवर नेऊन भीमेत बाप्तिस्मा दिला जाई. रमाबाईंचा स्वतःचा बाप्तिस्मा मात्र २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला होता.

राजेही सुटले नाहीत

बाप्तिस्म्यातली सर्वांत महागडी फजिती बायझंटाइन सम्राट पाचवा कॉन्स्टंटाइन याची. तान्हा असताना त्याने म्हणे बाप्तिस्म्याच्या कुंडातच शी केली. झाले! 'कोप्रोनिमस' म्हणजे शेणनावाचा हे टोपणनाव त्याला चिकटले आणि पुढे लढाया जिंकूनही ते सुटले नाही. ही गोष्ट सांगणारे इतिहासकार त्याचे कट्टर विरोधक होते, हे लक्षात ठेवायला हवे. त्याने चर्चमधल्या पवित्र चित्रांच्या पूजेला विरोध केला होता आणि चित्रे मानणाऱ्यांनी त्याचा असा सूड उगवला. इंग्लंडचा राजा एथेलरेड याच्याबद्दलही बाराव्या शतकातल्या लेखकाने असेच लिहून ठेवले आहे. त्याने कुंडात शू केली आणि आर्चबिशप डन्स्टन यांनी तेव्हाच राज्याचे वाटोळे होणार असे भाकीत केले, म्हणे. डायपर असते तर इंग्लंडचा इतिहास थोडा वेगळा लिहिला गेला असता.

आयर्लंडची आख्यायिका याहून मजेशीर. संत पॅट्रिक कॅशेलचा राजा एंगस याला बाप्तिस्मा देत असताना त्यांच्या हातातल्या दंडाचे टोकदार टोक राजाच्या पावलात घुसले. राजा हूं की चूं न करता उभा राहिला. विधी संपल्यावर रक्त दिसले, तेव्हा पॅट्रिकनी विचारले, बोलला का नाहीत? राजाला वाटले होते, हा विधीचाच भाग असेल.

'विश्वास आहे' की 'मला पाहिजे'?

भाषेची फजिती आपल्याकडेही झाली. संत फ्रान्सिस झेवियर १५४० च्या दशकात तमिळ किनाऱ्यावर होते. एका पत्रात त्यांनी लिहिले आहे की, एवढ्या लोकांना बाप्तिस्मा देऊन माझे हात दुखून येतात. तमिळ त्यांना नीट येत नव्हते. श्रद्धेची कबुली लोकांकडून पाठ करून घेताना 'माझा विश्वास आहे' या जागी 'मला पाहिजे' अशा अर्थाचा 'वेणुम' शब्द बसला होता. म्हणजे गावेच्या गावे रोज 'मला देव पाहिजे' म्हणत होती! चूक लक्षात आल्यावर झेवियर यांनी सहकाऱ्याला पत्र लिहून शब्द बदलायला सांगितले. आठशे वर्षांपूर्वीच्या पोपसारखाच विचार त्यांनीही केला असावा, कारण पुन्हा बाप्तिस्मे घ्या असे ते म्हणाले नाहीत. खरे तर चुकलेले वाक्यही काही वाईट नव्हते.

गोवा आणि वसईत पोर्तुगीज काळात बाप्तिस्म्यावेळी धर्मपित्याचे आडनाव मिळे. म्हणून एकाच गावात एकमेकांशी रक्ताचे नाते नसलेली घरे एकाच आडनावाची दिसतात.

उपासनेत झोप, आग आणि फिल्टर

रविवारच्या उपासनेत डुलकी लागणाऱ्यांना बायबलमध्येच एक पूर्वज सापडतो. प्रेषितांची कृत्ये, अध्याय २०. त्रोवस गावी पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला, खिडकीत बसलेल्या युतुख नावाच्या तरुणाला झोप लागली आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. मेला असे समजून लोक धावले, पण तो वाचला. पौल वर गेला, जेवला आणि पहाटेपर्यंत पुन्हा बोलत बसला. लांबलेल्या प्रवचनांचा हा दाखला कुठल्याही पाळकाने दिल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

२०२० च्या टाळेबंदीत उपासना मोबाइलवर आली आणि फजितीचे नवे प्रकार घेऊन आली. इटलीत सालेर्नो भागातल्या एका फादरने फेसबुकवर मिस्सा सुरू केली आणि चुकून फिल्टर चालू राहिले. ऐन प्रार्थनेत त्यांच्या डोक्यावर कधी अंतराळवीराचे शिरस्त्राण, कधी जादूगाराची टोपी. इंग्लंडमधील प्लिमथ येथे एक धर्मगुरू कॅमेऱ्यासमोर बोलता बोलता पुढे झुकले आणि मागच्या मेणबत्तीने त्यांच्या स्वेटरची बाही पेटली. डेट्रॉइटजवळच्या एका फादरने ईस्टरला अंतर राखण्यासाठी पवित्र पाणी चक्क खेळण्यातल्या पिचकारीने उडवले. आपल्याला त्यात नवल वाटायचे कारण नाही, रंगपंचमीला आपण दुसरे काय करतो?

हसू कुठे थांबते?

३० ऑक्टोबर २००५ रोजी अमेरिकेतल्या वेको शहरात ३३ वर्षांचा एक पाळक बाप्तिस्म्याच्या हौदात कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. बोलण्यासाठी त्याने माइक हातात घेतला आणि विजेच्या धक्क्याने सगळ्या मंडळीसमोर त्याचा मृत्यू झाला. आपल्याकडे भाड्याचा साउंड, जोडलेली वायर आणि नळीने भरलेला हौद हे दृश्य नवे नाही. पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या हातात वायरचा माइक देऊ नये, एवढी एक गोष्ट प्रत्येक मंडळीच्या पंचांनी पाळली तरी पुरे. बॅटरीवरचा कॉर्डलेस माइक काठावरच्या माणसाकडे ठेवावा.

२०२१ च्या फेब्रुवारीत रुमानियात सहा आठवड्यांच्या, दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला ऑर्थोडॉक्स पद्धतीने तीनदा पाण्यात बुडवल्यावर हृदयक्रिया बंद पडून ते दगावले. बुडवण्याऐवजी पाणी शिंपडावे म्हणून हजारो लोकांनी अर्जावर सह्या केल्या. २०१८ मध्ये इथिओपियातल्या अबाया सरोवरात बाप्तिस्मा देत असलेल्या पाळकाला मगरीने ओढून नेले. वाहत्या पाण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी पाणी आधी पाहून घ्यावे. धरणातून पाणी सोडले असताना नदीत उतरू नये, हे भीमाकाठच्या माणसाला वेगळे सांगायला नको.

आणि काही बाप्तिस्म्यांत पाणी थेंबभरच लागते, पण घर वाहून जाते. कवी नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला आणि लक्ष्मीबाईंचा संसार एका दिवसात उसवला. त्यानंतरच्या ताटातुटीतला काही काळ त्यांनी पंढरपुरात काढला. पुढे काही वर्षांनी नवराबायको एकत्र आले आणि त्यांनीही स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. १९३४ पासून भागाभागाने आलेल्या 'स्मृतिचित्रे'त हे सगळे आहे आणि तरीही पानोपानी हसू येते. मराठी ख्रिस्ती माणूस स्वतःच्या धार्मिक आयुष्यावर किती मोकळेपणाने हसू शकतो, हे ज्याला पाहायचे त्याने आधी ते पुस्तक उघडावे, व्हिडिओ नंतर. टिळकांनी स्वतः अखेरच्या काळात, १९१७ मध्ये, 'देवाचा दरबार' स्थापला, त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले अशा दोघांनाही जागा होती.

नोंदवहीत काय लिहिले, त्याला एवढे महत्त्व का?

विधीतला घोटाळा दोन मिनिटांचा असतो. नोंदवहीतला जन्मभर पुरतो. वहीत 'शमुवेल', शाळेत 'सॅम्युअल', आधारवर तिसरेच काही आणि घरात सगळ्यांचा 'बाळ्या'. जन्मनोंदणी घरोघर पोहोचली नव्हती त्या काळात चर्चचा दाखला हाच अनेकांचा जन्मतारखेचा कागद होता. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी सरकारी जन्मदाखलाच मुख्य आधार झाला आहे. पण चर्चमधल्या लग्नाच्या वेळी बाप्तिस्म्याचा दाखला अजूनही मागितला जातो आणि स्पेलिंगचा फरक नेमका तेव्हाच सापडतो. म्हणून बाळाचे नाव जन्मदाखल्याप्रमाणे कागदावर लिहून आधीच द्यावे. त्या क्षणी आत्याला विचारू नये.

याच नोंदीला भारतात आणखी एक धार आहे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख (१९५६ पासून) आणि बौद्ध (१९९० पासून) यांनाच मिळतो, ख्रिस्ती झालेल्याला नाही. २६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुद्दुचेरीतील एका महिलेचा अनुसूचित जातीच्या दाखल्याचा दावा फेटाळला. आपण हिंदू आहोत, असे तिचे म्हणणे होते. तिचा बाप्तिस्मा अगदी तान्हेपणी झाला होता. तो आणि तिचे नियमित चर्चला जाणे, या दोन्ही गोष्टी न्यायालयाने तिच्याविरुद्ध धरल्या. ज्या वयात माणसाला चष्मा ओढण्यापलीकडे काही कळत नाही, त्या वयातली ही नोंद.

नोंदी ठेवण्याची गरज किती जुनी आहे, हे पौलाच्या करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात दिसते. तुमच्यापैकी क्रिस्प आणि गायस यांच्याशिवाय मी कुणालाच बाप्तिस्मा दिला नाही, असे तो ठासून सांगतो. मग त्याला आठवते की स्तेफनाच्या घरच्यांनाही दिला होता. आणि त्याहून आणखी कुणाला दिला असेल, तर ते आता मला आठवत नाही, असे म्हणून तो पुढच्या मुद्द्याकडे वळतो.